प्लेटलेट्सची कॅप्सूल आणि वारंवार येणारे तोंड

प्रश्न : माझे वय ६२ वर्षे असून प्लेटलेट्स ९ लाखांवर गेल्याने ‘इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया’चे (अस्थिमज्जेत प्लेटलेट्स जास्त तयार होण्याच्या विकाराचे) निदान झाले. आठ महिन्यांपासून हायड्रॉक्सियुरियाची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ आणि रोज एक अ‍ॅस्पिरिन घेते. प्लेटलेट्स आता ४ लाखांच्या आत आहेत. परंतु दोन महिन्यांपासून सारखे तोंड येते, जिभेच्या कडेच्या व्रणामुळे भाकरीचा घास फिरवता येत नाही. घरचे उष्णता म्हणतात, औषध दुकानदाराने बी-कॉम्प्लेक्स दिले. चार दिवसांपासून मी कॅप्सूलच बंद केली आहे. एवढ्याशा तक्रारीसाठी डॉक्टरांना फोन करावा का?

उत्तर : जरूर करावा, आणि चार दिवस कॅप्सूल घेतलेली नाही हेही न लपवता सांगावे. पेशींना डीएनए घडवण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठा हे औषध तोडते. त्यामुळे अस्थिमज्जेतील प्लेटलेट्सचे उत्पादन मंदावते, पण तोंडाचे अस्तरही सतत नव्याने घडत असल्याने त्याची डागडुजी मागे पडते, आणि दात लागून झालेला जो ओरखडा एरवी दोन दिवसांत भरला असता तो व्रण होऊन बसतो. उष्णतेला बोल लावण्यात अर्थ नाही. गुलकंद खाण्यास मात्र माझी हरकत नाही.

आधी पाहायच्या त्या पांढऱ्या पेशी, कारण अस्थिमज्जेत त्यांचेही उत्पादन या औषधाने मंदावू शकते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्यावी आणि रिपोर्टातील न्यूट्रोफिल्सचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) एकूण आकडा डॉक्टरांना वाचून दाखवावा. तो १५०० च्या वर असेल तर त्रास बहुधा अस्तरापुरता आहे. १००० च्या खाली असेल तर कॅप्सूल थांबवण्याचा किंवा कमी करण्याचा निर्णय डॉक्टर तातडीने घेतील. आकडा कळण्यापूर्वीच १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्याच रिपोर्टात एमसीव्ही (लाल पेशींचे सरासरी आकारमान) १०० च्या वर दिसल्यास घाबरू नये, या औषधाने लाल पेशी मोठ्या होतातच. तरीही बी-१२ आणि फोलेटची तपासणी करावी, कारण त्यांच्या कमतरतेनेही तोंड येते.

कॅप्सूल परस्पर बंद ठेवली तर प्लेटलेट्स पुन्हा चढतात, आणि मेंदूच्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा ज्या धोक्यासाठी हे औषध दिले तोच परत दाराशी येतो. चुकलेल्या मात्रा एकदम घेऊन भरपाईही करू नये. आपली तक्रार ‘एवढीशी’ नाही : प्लेटलेट्स कितीही छान आटोक्यात असोत, असह्य व्रण होत राहणे हे औषध बदलण्याचे पुरेसे कारण मानले जाते. सहसा आधी मात्रा कमी करून पाहतात. तेवढ्याने भागले नाही तर अ‍ॅनाग्रेलाइड किंवा इंटरफेरॉन या दुसऱ्या औषधांचा विचार होतो.

तोवर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, चुळा भराव्यात. ब्रश मऊ घ्यावा. ठेचा, लोणचे आणि भाकरीचा कडक पापुद्रा काही दिवस दूर ठेवून मऊ भात, मुगाचे वरण, दुधात कुस्करलेली पोळी खावी. जेवणाच्या दहा मिनिटे आधी लावायचे बधिरतेचे जेल डॉक्टर लिहून देतात. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन घेऊ नये, अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉल चालते, पण गोळीने ताप झाकला जातो, म्हणून आधी थर्मामीटर लावावा. गिळताना दुखते म्हणून कॅप्सूल उघडून पूड मधात कालवण्याचा प्रकार काही घरांत चालतो. तो टाळावा, ती पूड देणाऱ्याच्या हातालाही अपायकारक आहे.

आपण विचारलेले नाही, तरीही : मिश्री लावत असाल तर ती आजच सोडावी. जिभेच्या कडेचा तोच व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, त्याची कड बोटाला कडक लागली किंवा त्यातून रक्त आले, तर सगळा दोष कॅप्सूलवर न टाकता दंतवैद्यांकडून तपासून घ्यावा आणि त्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितल्यास नाही म्हणू नये. मात्र तुकडा काढण्यापूर्वी अ‍ॅस्पिरिन चालू असल्याचे आणि प्लेटलेट्सचा ताजा आकडा त्यांना सांगावा.