मुलाला काय ठाऊक नाही, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझी पटकथा लक्षपूर्वक वाचली. त्यातला अनाथ मुलगा पहिल्याच प्रसंगात आपले दुःख बोलून दाखवतो आणि तेथेच कथेची धार बोथट होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचा खर्डा हाती घेण्यापूर्वी १९६० सालचा ‘कळत्तूर कण्णम्मा’ हा तमिळ चित्रपट सावकाश पाहा.

एव्हीएम या चित्रपटसंस्थेच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन टी. प्रकाश राव यांनी सुरू केले आणि ए. भीमसिंग यांनी पूर्ण केले. जमीनदाराचा मुलगा (जेमिनी गणेशन) आणि शेतकऱ्याची मुलगी (सावित्री) गुपचूप लग्न करतात, गैरसमजाने दुरावतात, आणि तिचे मूल तिचा बाप अनाथालयात ठेवून ते दगावल्याचे तिला सांगतो. हे मूल म्हणजे सेल्वम, आणि सेल्वमच्या भूमिकेत आहे जेमतेम पाच वर्षांचा कमल हासन. या पहिल्याच कामाबद्दल त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

‘अम्मावुम नीये, अप्पावुम नीये’ या गाण्यापाशी थांब. एम. एस. राजेश्वरी यांच्या आवाजातली ही प्रार्थना देवाला इतकेच सांगते, की माझी आई तूच आणि बापही तूच. त्या शब्दांत गाऱ्हाणे नाही, कारण आपल्यावर अन्याय झाला आहे हे मुलाला ठाऊकच नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, त्याचे आईबाप जिवंत आहेत हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि जाणिवेतल्या या तफावतीमुळेच गळा दाटून येतो. पाच वर्षांच्या मुलाकडून दिग्दर्शकाने शोक मागितलेला नाही. त्याला फक्त मनापासून प्रार्थना करायची आहे, आणि ते कोणत्याही मुलाला जमते. दुःखाचा सगळा भार सावित्रींनी उचलला आहे. म्हणून तुझ्या पटकथेतले मुलाचे ते लांबलचक स्वगत काढून टाक आणि त्याच्या जागी त्याला एखादे साधे काम दे.

भीमसिंग यांनीच १९६२ मध्ये हीच कथा मीनाकुमारी आणि सुनील दत्त यांना घेऊन ‘मैं चुप रहूंगी’ या नावाने हिंदीत केली. भाषा अडली तर ही हिंदी आवृत्ती आधी पाहा. मात्र मूळ चित्रपट सोडू नकोस.

चित्रीकरणाबाबतही एक आग्रह आहे. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याच्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. तुझा संच लहान असला, तरी यात सवलत घेऊ नकोस. मूल पेंगुळले की त्या दिवसाचे काम थांबव. रडण्याचा प्रसंग हवा म्हणून त्याला घाबरवणे किंवा चिमटा काढणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य होणार नाही.

नवा खर्डा झाला की पाठव. आईचा प्रसंग मी सर्वांत आधी वाचणार आहे.