घरून काम : साहेबांना कसं पटवावं?

प्रश्न : नोकरी छत्रपती संभाजीनगरात, घर लातूरला. घरून काम मागितलं की साहेब म्हणतात, "तिकडं लाईट टिकत नाही." काय करू?

उत्तर : शंका रास्त आहे, आधी तिचंच उत्तर तयार ठेवा. लॅपटॉप, राउटर, पंखा मिळून साधारण 150 वॅट. इन्व्हर्टरच्या चांगल्या 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) बॅटरीवर पाच-सहा तास निघतात. पण गल्लीतली लाईट गेली की केबलवाल्याचं इंटरनेट पुरवणारं यंत्रही (स्विच) बंद पडू शकतं, म्हणून हॉटस्पॉटसाठी वेगळ्या कंपनीचं सिम हवंच. मग ईमेल करा : आठवड्याला दोन दिवस, महिनाभर चाचणी, कोणतं काम किती वाजता पोचेल हे स्पष्ट लिहून. घरच्या अडचणी पहिल्या ओळीत नकोत. मार्चअखेरच्या घाईत तर विषयच काढू नका.