दिवाणी वाद कोर्टाऐवजी न्यायाधिकरणात सुटू शकतो का?

सुटतो, पण प्रत्येक वाद नाही. न्यायाधिकरण म्हणजे ठरावीक विषयांचे वाद ऐकायला कायद्याने नेमलेलं मंडळ. कायद्याने ठरावीक विषय नेमून दिला असेल तरच. शेजाऱ्याच्या उसनवारीसाठी न्यायाधिकरण नसतं.

खरा फरक निवाडा करायला कोण बसतं यात आहे. भारतातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण घ्या. २०१० च्या कायद्याने ते पर्यावरणाशी निगडित दिवाणी दावे ऐकतं आणि न्यायिक सदस्याच्या शेजारी त्या विषयाचा तज्ज्ञ सदस्य बसतो. त्यामुळे सांडपाण्याचा अहवाल वाचायचा कसा, हे वकिलाने निवाडा करणाऱ्यांना पहिल्यापासून शिकवत बसावं लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे कोर्टात दिवाणी दावा कसा चालवायचा याचे नियम, न्यायाधिकरणाला बंधनकारक नाही. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं मात्र पाळावीच लागतात, म्हणजे दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आदेश नाही. सहा महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असंही कायदा म्हणतो. प्रयत्न, हं! रिकाम्या जागा भरल्या नाहीत की तारखा इथेही पडतातच.

लवादाशी याची गल्लत करू नका. लवाद दोन्ही पक्षांच्या करारातून येतो, न्यायाधिकरण कायद्यातून. आणि ‘कोर्टाबाहेर’ हेही अर्धंच खरं, कारण हरित न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं.