जप करतो, मग चर्चा कशाला?

प्रश्न : मी रोज एकटाच जप करतो. सत्संगातल्या चर्चेने मन विचलित होईल, अशी भीती वाटते. मार्गदर्शन खरंच हवं का?

उत्तर : हवंच. गीतेच्या चौथ्या अध्यायात (श्लोक ३४) ज्ञानासाठी नमस्कार आणि सेवेच्या बरोबरीने प्रश्न विचारायला सांगितलं आहे. दहाव्या अध्यायातले भक्त तर एकमेकांना बोध करण्यात रमतात. जप कोरडा वाटू लागला, की एकट्या साधकाला आपली श्रद्धाच आटली असं वाटतं. तीच अडचण जुन्या साधकाच्या तोंडून ऐकली, की केवढा धीर येतो! वाद जिंकायला बसणारे मात्र टाळा. आणि प्रश्न विचारला म्हणून रागावणारा मार्गदर्शक असेल, तर तिथून सरळ उठा. जपाची वेळ मोडू नका. चर्चेला जाताना मनातली एकच खरी अडचण घेऊन जा.