नवीन डायव्हरना गुहा आणि बुडालेल्या जहाजांचे धोके पहिल्याच कोर्समध्ये सांगावेत का?

तुम्ही विचारलंय की ओपन वॉटरच्या, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सच्या विद्यार्थ्यांना हे आत्ताच सांगावं की पुढच्या कोर्सवर सोडावं, कारण ऐकून ते घाबरतील. आत्ताच सांगा. पाण्यात उतरवण्याआधी सांगा.

मला कुणी सांगितलं नव्हतं. जेमतेम १५ डाइव्ह झाल्या होत्या. बुडालेलं जहाज, खोली १६ मीटर. पुढच्या डाइव्हमास्टरनं, म्हणजे आम्हाला नेणाऱ्या वाटाड्यानं, हातानं ‘या’ म्हणून खुणावलं आणि तो दारातून आत शिरला. मी मागोमाग. परतीची वाट सापडायला लागतो तो दोर कुणीच बांधला नव्हता, माझ्याकडे टॉर्चही नव्हता. पलीकडचं दार समोर दिसत होतं, निळं, चौकोनी, फार तर दहा मीटरवर. तेवढ्यात फिनचा फटका तळाला बसला, बहुतेक माझ्याच, आणि गाळ उठला. निळा चौकोन गेला. बुडबुडे वर आदळून छताचा गंज सुटायला लागला. हवा किती उरली ते दाखवणारा गेज मास्कला टेकवला तरी आकडा दिसेना. वर जायला हात उचलला तर हाताला पत्रा लागला. हवा संपली की वर, जोडीदार हरवला की मिनिटभर शोधून वर, हे जे काही शिकलो होतो ते सगळं त्या पत्र्याखाली निरुपयोगी होतं. भिंत चाचपत बाहेर आलो तेव्हा टाकीत ३० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले होते.

बोटीवर त्याला जाब विचारला तर म्हणाला, “आलास ना बाहेर?” मी शिकवायला लागल्यावर त्याचाच सल्ला: “नव्या पोरांना घाबरवू नकोस, परत येणार नाहीत.” हा वाद मी आजही सोडलेला नाही. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-डायव्हरनं १९७९ साली गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. कारणं तीच तीच निघाली: बाहेरपर्यंत अखंड दोर नाही, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखलेली नाही, झेपणार नाही इतकी खोली. फ्लोरिडातल्या बऱ्याच गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली यमदूताच्या चित्राची पाटी असते. मेलेल्यांत ओपन वॉटरचे प्रशिक्षकही आहेत, असं तिच्यावर स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ‘पुढे प्रशिक्षक आहे ना’ हे कारण होऊच शकत नाही.

शिकवताना एकच कसोटी द्या: मान वर करून बघा, सरळ वर पाण्याबाहेर जाता येत नसेल तर आत शिरायचं नाही. छोटा ‘स्विम-थ्रू’, म्हणजे एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघायचा बोगदा, तोसुद्धा यातच आला. उजेड दिसतोय म्हणजे वाट मोकळी आहे, असं अजिबात नाही.

गुहांत कधीच जाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. वेगळं प्रशिक्षण घ्या, दोर धरायला शिका, २१० बार असतील तर ७० संपताच वळा, मग जा. मी स्वतः गुहा शिकवत नाही, त्यामुळे त्यापुढचं त्या प्रशिक्षकांनाच विचारा.

माझ्या वर्गात मात्र शेवटच्या दिवशी मी तळावर एक चौकट ठेवतो, आत शिरतो आणि प्रत्येकाला ‘या’ म्हणून खुणावतो. त्यानं हात आडवा हलवून नाही म्हणायचं. जो मागोमाग येतो, त्याच्याकडून पुन्हा करून घेतो.