एकच ग्रंथी तपासून भागेल का?

प्रश्न : आई ६४ वर्षांची. खाली खाज यायची, ती मेडिकलमधून मलम आणून लावत राहिली. आता बायोप्सीत योनिमुखाचा कॅन्सर निघालाय, दोन सेंटिमीटरचा. डॉक्टर म्हणतात, जांघेतल्या सगळ्या ग्रंथी नको, 'सेंटिनल नोड' तेवढा काढून बघू. हा अर्धवट इलाज नाही ना?

उत्तर : नाही हो! गाठीभोवती किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते सर्वांत आधी जिथे पोचतं, तोच सेंटिनल नोड; कॅन्सर पसरला तर आधी तिथेच जाण्याची शक्यता, म्हणून ती ग्रंथी तपासतात. २००८च्या युरोपीय अभ्यासात चार सेंटिमीटरपेक्षा लहान, एकाच जागच्या गाठीत ही ग्रंथी स्वच्छ निघालेल्यांपैकी २.३ टक्के जणींनाच जांघेत आजार परतला. सगळ्या ग्रंथी काढल्या की अनेकींचा पाय सुजतो. माझ्या एका पेशंटला रिक्षात चढतानाही तो हाताने उचलून ठेवावा लागतो. २०२१च्या पुढच्या अभ्यासात ग्रंथीत दोन मिलिमीटरपर्यंतच कॅन्सर असेल, तर नुसतं रेडिएशन पुरलं. त्याहून मोठा असेल तर नाही. स्कॅनमध्ये जांघेत संशयास्पद काही नाही ना, आणि सर्जन हे ऑपरेशन नेहमी करतात का, एवढं विचाराच.

आणि ते मलम! साठीतल्या बाईला न तपासता कुणी देतंच कसं?