खोडलेली किंमत आणि खरा भाव

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. दिवाळीपूर्वी 43 इंची टीव्ही आणि वॉशिंग मशीन घ्यायचे आहे. सूनबाईंच्या मते ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त पडेल. माझा ओढा महाराणी रोडवरच्या नेहमीच्या दुकानाकडे आहे. वस्तूचे मागचे भाव दाखवणारी आणि भाव उतरला की कळवणारी काही साधने असतात असे कळले. त्यांतले कोणते निवडावे आणि त्यावर कितपत विसंबावे?
— एक ज्येष्ठ वाचक, इंदूर

उत्तर : आपण कोणत्या संकेतस्थळांवरून खरेदी करणार हे आधी ठरवावे, म्हणजे बरीचशी नावे आपोआप गळतील. इंग्रजी लेखांत कॅमलकॅमलकॅमल या साधनाची शिफारस हटकून आढळते, परंतु ते ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळाचे भाव नोंदवत नाही, त्यामुळे ते आपल्या उपयोगाचे नाही. कीपा ते नोंदवते आणि त्याचा आलेखही तपशीलवार असतो, मात्र त्यात फ्लिपकार्टचा भाव सापडणार नाही. बायहटके हे भारतीय साधन ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मिंत्रा अशा अनेक दुकानांसाठी चालते. वर्षाकाठी दोन-तीन मोठ्या वस्तू घेणाऱ्या घराला असे अनेक दुकाने पाहणारे, विनामूल्य साधन पुरेसे आहे. यासाठी दरमहा वर्गणी भरण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

साधन कोणतेही घेतले तरी पाहायचा असतो तो भावाचा आलेख. संकेतस्थळावर ठळक अक्षरांत दिसणारी सूट बहुधा खोडलेल्या एमआरपीवरून मोजलेली असते, आणि एमआरपी म्हणजे पाकिटावर छापलेली, सर्व करांसह कमाल विक्री किंमत. त्या किमतीला ती वस्तू कधी काळी विकली गेली असेलच असे नाही. समजा, एखादे मशीन जूनपासून 17,500 रुपयांच्या आसपास आहे, सेलच्या पंधरवडाभर आधी त्याची रेषा 20,500 वर चढते आणि सेलच्या पहिल्या दिवशी 17,200 वर येते. आदल्या दिवसाच्या तुलनेत ही घसरण 3,300 रुपयांची वाटेल, पण जूनमध्ये घेणाऱ्याच्या तुलनेत आपले जेमतेम 300 रुपये वाचले. म्हणून निदान वर्षभराची रेषा पाहावी, आणि ज्या भावाला ती दोन-तीनदा येऊन टेकली असेल तोच सूचनेसाठी नोंदवावा. मध्येच एकदा, तासाभरापुरते खाली गेलेले टोक धरून बसणाऱ्याला ती सूचना बहुधा कधीच येत नाही.

टीव्हीचा आलेख वाचताना एक तारीख ध्यानात ठेवावी लागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे करापूर्वी 100 रुपये किमतीची वस्तू 128 ऐवजी 118 रुपयांना पडू लागली. त्या दिवशी रेषेत सुमारे आठ टक्क्यांची उतरंड दिसली तर ती दुकानदाराची मेहेरबानी समजू नये, आणि त्याआधीच्या नीचांकाशी आजच्या भावाची तुलनाही करू नये. वॉशिंग मशीनवर 2018 पासूनच 18 टक्के कर आहे, तेव्हा तिथे ही अडचण नाही.

या साधनांना सगळेच दिसते असेही नाही. बँकेच्या कार्डावरची सूट, जुन्या वस्तूच्या बदल्यात मिळणारी रक्कम, पानावर खूण केल्यावर लागू होणारे कूपन आणि घरपोच करण्याचा खर्च हे आलेखात सहसा धरलेले नसते. त्यामुळे अखेरचा आकडा पैसे भरण्याच्या पानावर, आपला पिनकोड आणि आपले कार्ड निवडूनच पाहावा. शिवाय ॲमेझॉनवर प्रत्येक आकाराला आणि रंगाला दहा अक्षरांचा वेगळा क्रमांक असतो व नोंद त्या क्रमांकावर होते. 43 इंचीऐवजी 32 इंचीच्या पानाची लिंक दिली गेली, तर साधन इमानेइतबारे भलत्याच टीव्हीवर पाळत ठेवील.

महाराणी रोडचे दुकान मात्र इतक्यात बाद करू नका. आलेखावरून ठरवलेला भाव आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घेऊन जावे आणि मशीन बसवून देणे, स्टँड, जुने मशीन उचलून नेणे हे सगळे धरून भाव विचारावा. क्रमांकातील शेवटची अक्षरेही जुळवून पाहावीत, कारण काही मॉडेल केवळ ऑनलाइन विक्रीसाठीच काढलेली असतात. फरक हजार-पाचशेचा राहिला तर मी स्वतः दुकानातूनच घेईन. तक्रार आली तर समोर बसून बोलायला माणूस असतो.

प्रश्न : मागचे भाव दाखवणारे एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) ब्राउझरमध्ये घालताना "सर्व संकेतस्थळांवरील डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागितली गेली. ती द्यावी का? शिवाय विक्रीच्या पानावर "फक्त दोन शिल्लक" असे खोटेच लिहून घाई केली जाते, त्याचे काय करावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सरसकट देऊ नये. क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या तपशिलात जाऊन ते केवळ क्लिक केल्यावर किंवा ठरावीक संकेतस्थळांवरच चालावे असे ठरवता येते. बँकेच्या पानाशी त्याचा संबंध येण्याचे कारण नाही. याहून सोपा उपाय म्हणजे एक्स्टेंशन न घालता वस्तूची लिंक त्या साधनाच्या संकेतस्थळावर चिकटवून आलेख पाहणे. ही साधने फुकट असतात कारण त्यांच्यामार्फत खरेदी झाली की त्यांना दुकानाकडून कमिशन मिळते. त्यात वावगे काही नाही, पण पेपालच्या मालकीच्या हनी या कूपन शोधणाऱ्या साधनावर डिसेंबर 2024 मध्ये दुसऱ्यांचे कमिशन आपल्या नावे वळवल्याचे आरोप झाले, आणि मार्च 2025 मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेंशनसाठी याविषयीचे नियम कडक केले. ग्राहकाला काही लाभ न देता कमिशनची लिंक घुसवणे आता त्या नियमांत बसत नाही.

"फक्त दोन शिल्लक" अशा खोट्या घाईविषयीही आपण विचारले आहे. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली आहे, आणि खोटी घाई त्यांपैकीच एक आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट दिनांकासह जपून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.